महामार्गाच्या डोक्यावरून जाणारी होडी : आपल्या खाडीवर जलसेतू का नाही?

कोपरीकर

नेदरलँड्समधील हार्डरवाईक गावाजवळचा रस्ता तलावाच्या पाण्याखाली बुडी मारून पलीकडे निघतो आणि त्याच्या वरून शिडाच्या होड्या निवांतपणे जातात, ही चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेली असेल. त्या जागेचे नाव व्हेलुवेमेर जलसेतू (म्हणजे होड्यांसह पाणीच पलीकडे नेणारा पूल) असे आहे. तो २००२ साली खुला झाला. पाण्याची ही खोबण २५ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असून तिच्याखालून एन-३०२ या रस्त्यावरची दररोज सुमारे २८,००० वाहने जातात, आणि त्यांपैकी एकालाही होडीसाठी थांबावे लागत नाही.

हे पाहून मनात आलेला प्रश्न येथे मांडतो. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली आणि दुसरा १९९७ साली झाला. आता तिसराही वाहतुकीत आला आहे. ऐरोली, कळवा आणि कशेळी येथील पूल वेगळेच. दुसरीकडे २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण–ठाणे–मुंबई हा १४५ किलोमीटरचा मार्ग ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ म्हणून घोषित झाला असून कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशा धक्क्यांची नावे आपण अधूनमधून वर्तमानपत्रांत वाचतो. रस्ता आणि जलमार्ग असे दोन्ही जर हवे असतील, तर प्रत्येक वेळी खाडीत खांब रोवण्याऐवजी एखाद्या ठिकाणी रस्ताच पाण्याखालून नेण्याचा विचार आपल्याकडे का होत नाही?

एक उपप्रश्नही आहे. माल भरलेला मोठा बार्ज जर त्या खोबणीवरून गेला, तर त्याच्या वजनाने खालचा सांगाडा दबणार नाही का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त स्थापत्य

कोपरीकर, आपल्या उपप्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. तरंगणारी होडी आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते. काठोकाठ भरलेल्या परातीत वाटी तरंगत सोडली, की वाटीच्या वजनाइतके पाणी परातीबाहेर सांडते आणि परातीचे एकूण वजन तेवढेच राहते. येथे ते पाणी सांडण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या तलावात सरकते. त्यामुळे खोबणीत होडी असो वा नसो, खालच्या सांगाड्यावर येणारा भार तोच राहतो. व्हेलुवेमेरच्या खोबणीत सुमारे १,४०० घनमीटर, म्हणजे तितकेच टन पाणी मावते आणि प्रत्येक चौरस मीटरवर ३ टनांचा भार कायम असतो. ट्रकांच्या पुलावर भार येतो, जातो आणि त्याच्या धक्क्यांनी पोलाद थकते. जलसेतूवरचा भार मोठा असला तरी त्या मानाने अगदी शांत असतो. पूल बांधणाऱ्याला असा भार परवडतो.

खरी अडचण वरच्या पाण्याची नसून खालच्या पाण्याची आहे, आणि चित्रफितीत ती दिसत नाही. जरा हिशोब मांडून पाहू. पाणी ३ मीटर खोल, त्याखालचा स्लॅब १ मीटर, वाहनांसाठी मोकळी उंची ५.५ मीटर, म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग तलावाच्या पातळीपासून साडेनऊ मीटर खाली जातो. तलावालगतच्या जमिनीत भूजल जवळजवळ तलावाच्याच पातळीला असते. रस्त्याच्या तळाला खालून वर ढकलणारा दाब मग दर चौरस मीटरला साडेनऊ टनांहून अधिक होतो. काँक्रीटचे वजन घनमीटरला अडीच टन धरले आणि केवळ तळाच्या स्लॅबच्या वजनाने हा दाब पेलायचा ठरवले, तर स्लॅब किती जाड लागेल? चारेक मीटर, असे घाईने वाटेल. परंतु स्लॅब जाड करण्यासाठी जितके खोल खणावे, तितका पाण्याचा दाबही वाढतो, त्यामुळे उत्तर सहा मीटरच्या पुढे जाते. एवढे काँक्रीट कोणी ओतत नाही. म्हणून जमिनीत खोलवर ताण घेणारे खांब उतरवून स्लॅब त्यांना बांधून ठेवतात, अथवा बाजूंना पोलादी पत्र्यांच्या भिंती खोल ठोकून आणि आतले पाणी उपसून दाब कमी ठेवतात.

यातली गंमत अशी की प्रत्यक्ष खोबणीच्या खाली धोका सर्वांत कमी असतो, कारण डोक्यावरच्या पाण्याचे वजन सांगाडा दाबून धरण्यास मदतच करते. धोका असतो तो दोन्ही बाजूंच्या उघड्या उतारांना, जिथे वरती आकाश आहे आणि खाली पाणी. नेदरलँड्समध्येच स्नेक शहराजवळ ए-७ महामार्ग प्रिन्सेस मार्खरीट कालव्याखालून जातो. १९७८ च्या या बांधकामात डिसेंबर २०२२ मध्ये उताराच्या भागातला तळ वर उचलला गेला, कारण त्याला खाली बांधून ठेवणारे ताणखांब तुटले होते. महामार्ग बंद करावा लागला. पाण्याखालचा रस्ता बुडण्याची आपल्याला भीती वाटते, आणि तिथे तो वर तरंगू पाहत होता.

सानिका, घणसोली

काका, हे इतके अवघड असेल तर डच लोक सरळ उंच पूल का बांधत नाहीत? त्यांच्याकडे पैसा आणि कौशल्य दोन्ही आहेत.

निवृत्त स्थापत्य

सानिका, उत्तर डोलकाठीत आहे. शिडाच्या नौकेची डोलकाठी खाली घेता येत नसेल, तर पुलाखाली १८–२० मीटर मोकळी उंची लागते. रस्त्याचा चढ तीसास एक धरला, तर २० मीटर वर जाण्यासाठी प्रत्येक बाजूला ६०० मीटर लांबीचा चढ बांधावा लागतो. साडेनऊ मीटर खाली जाण्यासाठी याच हिशोबाने २८५ मीटर पुरतात. होडी पाण्याखाली फार जात नाही, परंतु पाण्यावर मात्र पुष्कळ उंच असते. म्हणून उथळ पाणी आणि उंच डोलकाठ्या जिथे असतील, तिथे रस्ता खाली नेणे स्वस्त पडते. तिसरा पर्याय उघडझाप होणाऱ्या पुलाचा. तो नेदरलँड्समध्ये शेकड्यांनी आहे, पण महामार्गावर तो उघडला की वाहनांच्या रांगा लागतात. त्यांच्याकडे डोलकाठी न उतरवता दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देश पार करण्याचा एक ठरलेला जलमार्गच आहे, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी हौसेचा नाही.

शिवाय काही ठिकाणी जमीनच पाण्याच्या खाली आहे. ए-४ महामार्ग हार्लेमरमेर भागात जिथे रिंगफार्ट कालव्याखालून जातो, तो जलसेतू १९६१ सालचा आहे. हा सगळा भाग म्हणजे १८५२ साली उपसून कोरडे केलेले सरोवर. स्किपोल विमानतळही त्याच्याच तळावर उभा आहे. भोवतीचा कालवा शेतांपेक्षा उंचीवरून वाहतो, म्हणजे रस्त्याला खाली जाण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. तो आधीच खाली आहे.

विटाव्याचा नाखवा

मंडळी, मी अभियंता नाही. आमच्या घराण्याचा धंदा ठाण्याच्या खाडीत पाग आणि डोल ही जाळी टाकण्याचा, तेवढ्या अनुभवावर लिहीत आहे.

या चित्रफितीतले पाणी मी बारकाईने पाहिले. त्या पाण्याला भरती नाही. काठावरच्या भिंतीवर ओल्याची रेघ नाही, चिखलाचा पट्टा नाही, शेवाळ्याचा थर नाही. आमच्याकडे ऐरोलीच्या पुलाखाली उधाणाच्या दिवशी, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी उभे राहा आणि पुलाच्या खांबांकडे पाहा. कालवांचा (शिंपल्यांचा) पांढरा थर जिथपर्यंत चढलेला दिसतो, तिथपर्यंत पाणी सहा तासांपूर्वी होते. आणि आता खांबाच्या पायथ्याशी चिखल उघडा पडून त्यात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असतात. अशा ठिकाणी खोबण बांधली, तर सुकतीला होडी खोबणीच्या तळावर बसेल आणि भरतीला पाणी भिंतीवरून रस्त्यावर येईल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, कदाचित निभावेल, पण होडी महिन्यातले थोडेच दिवस चालवायची नसते.

दुसरे असे की त्या चित्रफितीत होडीसाठी जागा १९ मीटरची आहे. मग तलावाचे बाकीचे पाणी कुठून जाते, हे कोणी सांगेल का?

निवृत्त स्थापत्य

नाखवा, आपण दोन वाक्यांत जे विचारलेत, तेच या विषयाचे मर्म आहे. बाकीचे पाणी कुठूनही जात नाही. हार्डरवाईकला १९ मीटरची खोबण सोडली, तर उरलेला रस्ता तलावात टाकलेल्या भरावावरून जातो. पाण्याला तिथे इकडून तिकडे जायची घाईच नाही, म्हणून हे चालते. ऐरोलीजवळ एक किलोमीटरच्या आसपास आणि वाशीजवळ दीड किलोमीटरहून रुंद असलेली खाडी जर आपण भराव टाकून एवढ्याशा तोंडावर आणली, तर भरतीचे पाणी वर चढणार नाही, पावसाचे पाणी खाली उतरणार नाही आणि त्या तोंडातून जो काही प्रवाह सुटेल, त्यात होडी सांभाळणे नाखव्यालाही कठीण जाईल.

आणि तिथे भरती का नाही, याचेही कारण आहे. तो तलाव पूर्वी समुद्राचाच भाग होता. झाउडरझे नावाचा उथळ समुद्र देशात खोलवर शिरलेला होता आणि हार्डरवाईक हे त्याच्या काठचे मासेमारीचे बंदर होते. १९३२ साली सुमारे ३२ किलोमीटरचा आफस्लाउटडाईक हा बांध घालून डच लोकांनी त्या समुद्राचे तोंड बंद केले. खारे पाणी हळूहळू गोडे झाले. पुढे १९५७ साली समोरचा पूर्व फ्लेवोलांडचा भाग कोरडा केला गेला आणि ती नवी जमीन व जुना किनारा यांच्यामध्ये जी पाण्याची पट्टी मुद्दाम राखली, ती म्हणजे हे व्हेलुवेमेर. त्यातली पातळी दारे आणि पंप यांनी ठरवली जाते. पातळी हातात असलेल्या पाण्यावर २००२ साली खोबण बांधणे हे तुलनेने किरकोळ काम होते. त्याची मोठी किंमत सत्तर वर्षे आधीच चुकती झाली होती.

आपल्याकडचा हिशोबही करून टाकतो. अगदी ओहोटीलाही २ मीटर पाणी राहावे, असे ठरवू. मुंबई-ठाण्याच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक ५ मीटरच्या जवळ जातो, म्हणजे भरतीला खोबणीत ७ मीटर पाणी. स्लॅब दीड मीटरचा लागेल, खाली वाहनांसाठी साडेपाच मीटर. रस्ता भरतीच्या पातळीखाली चौदा मीटर गेला. वर लाटांसाठी आणखी मीटरभर भिंत. इतके खाली जायचे आणि तेही किलोमीटरभर, तर त्याला जलसेतू म्हणण्यात अर्थ नाही. तो सरळ बोगदा झाला आणि बोगद्याचाच खर्च आला.

विटाव्याचा नाखवा

मग तो समुद्र बंद झाल्यावर तिथल्या मच्छिमारांचे काय झाले?

निवृत्त स्थापत्य

समुद्रातली मासेमारी संपली. बांध पूर्ण होण्याच्या आधीच, १९२५ साली, डच संसदेने बाधित मच्छिमारांसाठी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या धंद्यांसाठी साहाय्याचा स्वतंत्र कायदा केला होता. तो कितपत पुरला हा वेगळा विषय आहे. पण कायदा आधी आणि बांध नंतर, हा क्रम मला लक्षात ठेवण्यासारखा वाटतो.

विटाव्याचा नाखवा

क्रम आमच्याकडे उलटा आहे. वाशीच्या तिसऱ्या पुलामुळे बाधित होणाऱ्या मच्छिमारांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, तेव्हा भरपाईच्या धोरणाचा विषय पुढे सरकला. पुलाला आमचा विरोध नव्हता आणि नाही. आम्हीही वाशीला त्याच पुलावरून जातो. पण खाडीत काही बांधायचे म्हटले की ‘जलमार्ग’ म्हणून मोठ्या बोटींचा विचार होतो आणि आमच्या होडीचा मार्ग तोच आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

रुडकीचा माजी विद्यार्थी, सध्या मुक्काम मानपाडा

नेदरलँड्सपर्यंत जाण्याआधी रुडकीला थांबूया. गंगेचा कालवा सोलानी नदीवरून नेणारा जलसेतू प्रॉबी कॉटली या ब्रिटिश अभियंत्याने बांधला आणि कालवा १८५४ साली सुरू झाला. नदी खालून, कालवा वरून. ५० फुटी १५ कमानी, दोन्ही बाजूंना लांबच लांब भराव आणि टोकांना दगडी सिंह. शिकत असताना आम्ही त्या सिंहांच्या पायाशी बसून जिलेबी खात असू आणि शेजारून एवढे पाणी एका नदीच्या डोक्यावरून चालले आहे, याचे कोणालाही नवल वाटत नसे.

ठाणेकरांनी कृपया रागावू नये, पण या जलसेतूच्या भरावाची माती वाहण्यासाठी ‘थॉमसन’ नावाचे वाफेचे इंजिन डिसेंबर १८५१ मध्येच रुळांवरून धावले होते. बोरीबंदर ते ठाणे ही आपली गाडी १६ एप्रिल १८५३ ची. अर्थात ती प्रवाशांची होती आणि रुडकीची मातीची, त्यामुळे आपला मान अबाधित आहे.

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की गंगेचा कालवा केवळ सिंचनासाठी नव्हता, तर होड्यांसाठीही होता आणि त्यात त्यासाठी दारांची व्यवस्था होती. परंतु सिंचनाचे पाणी वाहते हवे आणि नावेला ते जवळजवळ थांबलेले हवे. कालव्याला दिलेला उतार अधिक झाला, प्रवाह वेगवान झाला आणि प्रवाहाविरुद्ध नाव ओढणे जिकिरीचे ठरले. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कालवे काढणारे आर्थर कॉटन नौवहनाचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी कॉटलींच्या आखणीवर कडक टीका केली आणि दोघांचा वाद त्या काळी चांगलाच गाजला. नाखव्यांनी भरतीबद्दल जे लिहिले, त्याची ही दुसरी बाजू म्हणता येईल. पाणी वर-खाली होऊन चालत नाही, तसे ते फार वाहूनही चालत नाही.

सानिका, घणसोली

काकांच्या उत्तरानंतर मी बरेच वाचले. वेल्समधला पॉन्टकसिल्टे जलसेतू १८०५ सालचा आहे. थॉमस टेल्फर्ड आणि विल्यम जेसप यांचे काम. १८ कमानी, ३०७ मीटर लांबी, नदीपासून सुमारे ३८ मीटर उंची, आणि वर बिडाची लांबच लांब पेटी. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. घोडा ज्या वाटेवरून होडी ओढत असे, ती वाट पेटीच्या शेजारी नसून पाण्याच्याच वर एका बाजूला बसवलेली आहे. आधी मला वाटले, की जागा वाचवण्यासाठी असेल. पण त्याचे कारण पाण्याच्या वागणुकीत आहे. अरुंद पेटीत होडी शिरली की पुढच्या पाण्याला मागे जायला वाट लागते, नाही तर होडी पाणी पुढे लोटत राहते आणि ओढणाऱ्याचा दम निघतो. वाटेखालची जागा मोकळी ठेवल्याने पाणी तिथून मागे सरकते. वाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पेटीचा काठ पाण्यावर वीतभरसुद्धा नाही आणि होडीतून पाहिले तर थेट दरी.

पाण्याच्या या लोटण्यावरून एक मोठा शोधही लागला आहे. १८३४ साली एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यात घोड्यांनी ओढलेली होडी एकाएकी थांबली, तेव्हा तिच्या पुढ्यात साचलेले पाणी एकच गोल उंचवटा होऊन पुढे निघाले आणि आकार न मोडता जात राहिले. जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्यांनी घोड्यावर बसून मैलभराहून अधिक त्याचा पाठलाग केला. पुढे गणितात आणि प्रकाशतंतूंच्या शास्त्रातही ज्या एकाकी लाटेला मोठे स्थान मिळाले, ती हीच. एडिनबरोचा बाह्यवळण रस्ता ओलांडण्यासाठी त्याच कालव्यावर १९८७ साली जो जलसेतू बांधला, त्याला रसेल यांचे नाव दिले आहे आणि १९९५ साली शास्त्रज्ञांनी जमून त्याच जलसेतूवर ती लाट पुन्हा उठवून दाखवली. खालून गाड्या जात होत्या आणि वर हे चालले होते, ही कल्पनाच मला फार आवडली.

महामार्गावरचा मोठा जलसेतू म्हणाल, तर बेल्जियममधला सार्ट येथील २००२ सालचा आहे. ४९८ मीटर लांब, २८ खांब, आणि खाली चक्क रस्त्यांचे जंक्शन. सुमारे ६५,००० टनांचा तो सांगाडा एका टोकाला तुकड्या-तुकड्याने ओतत आणि खांबांवरून पुढे ढकलत नेला गेला, त्यामुळे खालची वाहतूक फारशी अडली नाही. मात्र तिथे जमीन उंचसखल आहे, म्हणून कालवा उंचावरून येतो आणि रस्ता जागच्या जागी राहतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे काही नाही, हे आता मलाही पटले आहे.

नेरुळ, तिसरा माळा

एका मुद्द्याकडे लक्ष वेधतो. पातळी हातात असलेले पाणी आपल्याकडे अजिबात नाही, हे पूर्ण खरे नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खालच्या जमिनीवर वसला आहे आणि त्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव केलेले आहेत. ओहोटीला त्यांची झडपदारे उघडून पावसाचे पाणी खाडीत जाते, भरतीला ती आपोआप मिटतात. तत्त्व तेच, जे हार्डरवाईकला आहे. फक्त तिथे पातळीची राखण रात्रंदिवस होते आणि आपल्याकडे तलावात गाळ आणि कांदळवन साचून ते काढावे की राखावे, यावर वाद चालतात.

या तलावांवरून होडी जात नाही, म्हणून जलसेतूचा प्रश्नही येत नाही. पण काकांनी लिहिलेला खालच्या पाण्याचा मुद्दा आपल्याला रोजचा आहे. खाडीलगतच्या नोडमधील (वसाहतीतील) कोणताही भुयारी मार्ग घ्या. पावसाळा संपून महिने लोटले, तरी त्याच्या भिंतीच्या सांध्यांतून पाणी झिरपत असते, तळाशी हिरवट ओल असते आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यातला पंप मधूनच सुरू होऊन बंद पडत असतो. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळेला आली, की पंपाने उपसलेले पाणी टाकायचे कुठे, हाच प्रश्न होतो, कारण खाडीच तेव्हा वर आलेली असते. आमच्या जवळच्या अशाच एका मार्गात पंप नादुरुस्त असल्याने दोन पावसाळे वाहतूक बंद पडली होती. तो कोणाच्या ताब्यात आहे, यावरच पत्रव्यवहार चालू राहिला. एवढासा भुयारी मार्ग जिथे कोरडा राहत नाही, तिथे चौदा मीटर खोल रस्त्याचे पंप कोण पाहणार, हे मला आधी समजून घ्यायला आवडेल.

निवृत्त स्थापत्य

अगदी रास्त प्रश्न आहे, आणि खरे तर तो अभियांत्रिकीपेक्षा अंदाजपत्रकाचा आहे. बांधकामाचा खर्च एकदाच मंजूर होतो, पंपाचा दर वर्षी मंजूर करून घ्यावा लागतो. पॉन्टकसिल्टेची पेटी साधारण दर पाच वर्षांनी बूच काढून रिकामी करतात आणि सांधे तपासतात. सव्वादोनशे वर्षांचे बीड म्हणून टिकले आहे. ज्या शहराला ही सवय नाही, त्याने खांबांचा पूलच बांधावा. पूल थोडी हेळसांड सहन करतो, पाण्याखालचा रस्ता करत नाही.

कोपरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खाडीच्या मुख्य पात्रावर जलसेतू बसत नाही, हे मान्य करतो. नाखव्यांचा १९ मीटरचा प्रश्न वाचल्यावर ती चित्रफीत मी पुन्हा पाहिली आणि दोन्ही बाजूंचा भराव या वेळी स्पष्ट दिसला.

मात्र सानिकाताईंच्या माहितीत एका गोष्टीची भर घालतो, कारण माझा पुढचा प्रश्न त्यातून निघतो. इंग्लंडमध्ये एम-६ टोल हा महामार्ग २००३ साली झाला, तेव्हा लिचफील्डचा बुजलेला जुना कालवा पुन्हा जिवंत करू पाहणाऱ्या मंडळींनी वर्गणी जमवून त्या महामार्गावर आधीच एक जलसेतू बांधून घेतला. कालवा अजून तिथपर्यंत पोहोचलेला नाही, त्यामुळे रिकामी पोलादी पेटी वर्षानुवर्षे वाहनांच्या वर उभी आहे. लोक हसतात. पण महामार्ग सुरू झाल्यावर ती बसवायला गेले असते, तर खर्च अनेक पटींनी वाढला असता आणि कालव्याची आशाच संपली असती. मला ते वेडेपणाचे वाटत नाही.

आपल्याकडे बाळकूम–गायमुख खाडीकिनारा रस्त्याची आणि खाडीवरच्या नव्या पुलांची चर्चा सतत चालू असते. जलमार्ग ५३ उद्या खरोखर चालवायचा असेल, तर आज आखणीतच काय राखून ठेवायला सांगावे? हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आपण नेमके काय लिहून द्यावे?

निवृत्त स्थापत्य

दोन गोष्टी लिहून द्या. पुलाखालची मोकळी उंची उधाणाच्या भरतीच्या पातळीपासून मोजलेली असावी आणि नकाशावर तशी छापलेली असावी. सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेला आकडा मोठा दिसतो, पण होडी सरासरीवर तरंगत नाही. तसेच जिथे ओहोटीलाही पाणी राहते, त्या खोल पात्रावर खांब न येता लांब गाळा (दोन खांबांमधला भाग) यावा. अटल सेतूवर जहाजांच्या मार्गावर पोलादी लांब गाळे टाकले आहेतच, तेव्हा हे आपल्याला येत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

विटाव्याचा नाखवा

खोल पात्र कुठे आहे ते नकाशावरून ठरवू नका. ते दर काही वर्षांनी सरकते. ज्या गावाच्या समोर पूल येणार असेल, तिथल्या होडीवाल्याला सोबत घ्या, भांगाच्या सुकतीला नव्हे, उधाणाच्या सुकतीला, आणि त्याने जिथे बांबू टेकवून दाखवला, तिथे खूण करा. विटाव्यापासून कळव्यापर्यंतचे मी दाखवीन. कोलशेतच्या बाजूला आमचे नातेवाईक आहेत, त्यांना विचारून येथेच कळवतो.

कोपरीकर

नाखवा, अवश्य कळवा. हरकतीचा मसुदा मी या रविवारी येथे टाकतो. काकांनी त्यातली पातळीची भाषा तपासून द्यावी, अशी विनंती आहे.